शोभेचे फूल आणि घागरभर पाणी

लेसकॅप हायड्रेंजियाच्या गुच्छात कडेची मोठी फुले शोभेची. बी धरतात ती मधली बारीक फुले. मोठी फुले त्यांच्यासाठी मधमाश्यांना बोलावतात.

महाबळेश्वरसारख्या गारव्यात हे झुडूप रमते. आपल्या धाराशिवच्या उन्हात त्याला सावली, कुजलेला पालापाचोळा आणि भरपूर पाणी लागते. एप्रिल २०१६ मध्ये तर शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. मग दुष्काळात फूल जगवणे चूक का? आम्हांला तसे वाटत नाही. सौंदर्याचीही माणसाला तहान असते. पण शेजारणीची घागर रिकामी असताना टँकरचे पाणी कुंडीत ओतणे बरे नव्हे. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी घालू. तेवढ्यावर नाही जगले, तर त्याचा मोह सोडू.

शोभा बारक्यांच्या कामी आली, तरच ती शोभा.