दातावरचा हक्क

केस, नखे, दात अशी शरीराची एकेक वस्तू पुढे मांडून हाच नागसेन काय, अशी जी उलटतपासणी मिलिंद राजाने केली, तीत बौद्ध भिक्षू भदंत नागसेनांनी प्रत्येक वस्तूस नकारच दिला. आणि निदान पडलेल्या दाताच्या बाबतीत तरी त्या नकारास हरकत घेण्याचे कारण सामान्य माणसास कधी दिसले नाही. २००३ साली मात्र अमेरिकेत सोंगताओ शी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतील मज्जेत जिवंत मूलपेशी असतात, असे दाखवून दिले.

पुढे २०१८ साली चीनमधील शीआन येथील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अपघाताने ज्यांच्या पुढच्या कायमच्या दातातील मज्जा मेली होती, अशा मुलांच्या त्या रिकाम्या दंतमुळात त्यांच्याच दुधाच्या दातातील वाढविलेल्या पेशी बसविल्या. बारा महिन्यांनी तेथे रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू आढळले, आणि विजेच्या सौम्य प्रवाहास दात पुन्हा जाणिवेने उत्तर देऊ लागला.

आता हा दात त्या मुलाचा कोणत्या आधारावर म्हणावयाचा? द्रव्याच्या सातत्याचा दावा टिकत नाही. कारण त्या पेशींनी काचपात्रात बाहेरचे अन्न घेऊनच आपली संख्या वाढविली, आणि मूळ दातातले द्रव्य त्यांत नावापुरतेच उरले असणार. (आत्म्याच्या अमरत्वाचा पुरावा येथे सापडला, असे म्हणणारे उत्साही लोक निघतीलच; पेशींची वाढ आणि पुनर्जन्म ही दोन निराळी दप्तरे आहेत, एवढेच त्यांस सांगावे.) माझ्या मते हा हक्क मालकीच्या दस्तऐवजाचा नसून वहिवाटीचा आहे: दाताला ठणका लागताच ज्याचा हात गालाकडे जातो, त्याचा तो दात. नागसेनांनी मात्र वस्तूबरोबर वेदनेलाही, म्हणजे अनुभवालाही, नकारच दिला होता; तेवढ्यापुरती माझी कसोटी त्यांच्याहून निराळी आहे.

या कसोटीस एनॅमल मात्र उतरत नाही. त्यास मज्जातंतू नाहीत. ते घडविणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईतो नाहीशा होतात, म्हणजे शरीरानेच त्याच्याशी फारकत घेतलेली असते. आतील डेंटिनचे तसे नाही: मज्जा जिवंत असेल, तर पोर्टलंड सिमेंटच्या कुळातले एमटीए हे मिश्रण वर लावल्यावर तीच खालून डेंटिनचा नवा पडदा रचते, आणि उत्तेजन परक्याचे असले तरी रचना आपलीच असते. एनॅमल झिजून किंवा किडून खड्डा पडला की दंतवैद्याला आपल्या मिश्रणानेच तो भरून काढावा लागतो, आणि तसे भरून घेताना आपले काही परक्याच्या ताब्यात गेले, अशी फिर्याद आजवर कोणी केलेली नाही.