घर आणि घराणे : खानदेशातील वाजंत्र्यांचा संसार

मराठी संगीतविचारात कलावंताच्या निष्ठेची कसोटी बहुधा त्यागावर लावली जाते, आणि कलेसाठी ज्याने घरदार मागे ठेवले तोच मोठा, असे मानण्याकडे रसिकांचा कल असतो. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग झाला, तेव्हा लहानग्या मुलीच्या मृत्यूचे दुःख गिळून बालगंधर्व रंगभूमीवर उभे राहिले, ही घटना याच धारणेपोटी आजही आदराने सांगितली जाते. बालवयात जळगावात मेहबूबखाँ यांच्याकडे गाण्याचे धडे घेतलेल्या या गायकनटाचे नाव तेथील खुल्या नाट्यगृहाला आहे, आणि ते यथायोग्यच आहे. मात्र त्या एका प्रसंगाचे माप सर्वच संगीतकारांना लावले, तर ज्यांनी घर चालवण्यासाठीच वाद्य हाती धरले आणि घर चालवत असतानाच ते जिवंत ठेवले, अशा जळगाव-धुळ्याकडील वाजंत्र्यांवर अन्याय होतो.

वाजंत्री म्हणजे मंगलकार्यात वाद्ये वाजवून उपजीविका करणारा कलावंत. पूर्वी त्याच्या हाती सनई, संबळ किंवा डफ असे. बँडची पद्धत रुळल्यावर त्यांच्या जोडीला क्लॅरिनेट, ट्रंपेट आणि ड्रम आले. या कसबाची अवघड बाजू जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. क्लॅरिनेटच्या तोंडाशी वेताची एक पातळ पत्ती बसवलेली असते. ती ओठांत ओलावून घ्यावी लागते, तिची कड किंचित टवकली तरी सूर फाटतो, आणि खानदेशातील वैशाखाच्या कोरड्या झळांत ती पुन्हा पुन्हा सुकते. अशा उन्हात, नवरदेवाला मारुतीच्या पारापर्यंत नेऊन मंडपाकडे आणणाऱ्या मिरवणुकीत, चालता चालता श्वास राखून गाण्याचा मुखडा उचलायचा, नाचणाऱ्यांचा जोर पाहून लय वाढवायची आणि मंडप जवळ येताच ती उतरवायची, हे कानाच्या आणि छातीच्या दीर्घ तयारीशिवाय साधत नाही. वाजवली जाणारी धून चित्रपटातील आहे, एवढ्यावरून ही तयारी हलकी ठरवता येत नाही.

या तयारीवर घराची सत्ता चालते, आणि घरावर पंचांगाची. तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणारी लग्नसराई पावसाळ्याच्या तोंडाशी संपते. दाट तिथीला एकाच दिवशी अनेक सुपाऱ्या, म्हणजे वादनाची ठरलेली कामे, समोर येतात, तर पुढच्या काही महिन्यांत शेतमजुरी किंवा मिळेल ते काम धरावे लागते. साहजिकच ज्या मुहूर्तावर गावात चार लग्ने लागतात, त्याच मुहूर्तावर स्वतःच्या मुलीचे लग्न धरणे वाजंत्र्याला परवडत नाही. इतरांचे सोहळे साजरे करणाऱ्याने स्वतःचा सोहळा उरलेल्या तिथीत बसवावा, यात त्याग आहेच. पण तो घराकडे पाठ फिरवणारा त्याग नसून, घरासाठीच केलेला आणि घरातल्या सर्वांनी वाटून घेतलेला त्याग आहे. सराईत रात्री-अपरात्री परतणाऱ्या माणसाचे घर सांभाळणारी आणि बिनकामाच्या महिन्यांत कापूस वेचून चूल पेटती ठेवणारी स्त्री कोणत्याही वाद्याला हात न लावता त्या वादनाची भागीदार असते.

शास्त्रीय संगीतात गायकीच्या परंपरेला ‘घराणे’ म्हणतात, आणि या शब्दातच घर आहे. बड्या घराण्यांना संस्थानांचा आश्रय लाभला, म्हणून त्यांच्या घराची किंमत आश्रयदात्याने मोजली; वाजंत्र्याच्या घराण्याला मात्र आपला आश्रय स्वतःच कमवावा लागला. शिवाय महाराष्ट्रात मंगलवाद्ये गुरव, मातंग अशा जातींच्या वाट्याला परंपरेने आली, आणि त्यांतील अस्पृश्य मानलेल्यांच्या वादनाशिवाय ज्या समाजाचे शुभकार्य पुरे होत नव्हते, त्यानेच त्यांना मंडपाबाहेर ठेवले. अशा स्थितीत एखाद्या बापाने मुलाला वाद्याऐवजी नोकरी धरायला सांगितले, तर तो कलेचा द्रोह ठरत नाही. अपमानाचा वारसा मुलाच्या हाती न देण्याचा तो निर्णय असतो.

या घराण्याचा पाया किती ठिसूळ आहे, हे कोरोनाकाळातील टाळेबंदीने दाखवून दिले. २०२० ची ऐन सराई बुडाली, आणि एप्रिल २०२१ मध्ये राज्यात लग्नसमारंभावर २५ माणसांची व दोन तासांची मर्यादा आली. २५ माणसांच्या लग्नात बँडला जागा कोठून असणार? डीजेच्या भिंतींनी तर त्याआधीच मिरवणुकीतली जागा व्यापायला सुरुवात केली होती. शासनाची कलावंत मानधन योजना आहे, पण ती उतारवयाचा आधार आहे. वाजंत्र्याची खरी निकड ऐन उमेदीतील रिकाम्या महिन्यांची, आजारपणाची आणि वाद्याच्या दुरुस्तीची आहे. ठरलेल्या तासांचा ठरलेला मोबदला, उन्हातल्या मिरवणुकीत पाणी आणि सावलीतला विसावा, आणि मंडपातल्या पंगतीत इतरांबरोबरचे पान, एवढे तरी प्रत्येक लग्नघर शासनाची वाट न पाहता देऊ शकते. मुलाने बापाचे वाद्य उचलायचे की नाही, हे अखेरीस त्या पंगतीत बापाचे पान कोठे मांडले जाते, यावर ठरणार आहे.