'पारंपरिक' म्हणजे कोण?

कुमार गंधर्व 1948 साली देवासला राहायला गेले ते क्षयाने आजारी होते म्हणून. एक फुप्फुस निकामी झालेलं, गाणं बंद. पुढची जवळपास पाच वर्षं त्यांनी ऐकण्यात काढली. आसपासच्या बायका काय गातात, माळव्याची माणसं काय गुणगुणतात, ते खाटेवरून ऐकलं. बरं झाल्यावर लोकधुनांमधून संजारी, मालवती, लगनगंधार असे राग बांधले. त्यांना म्हटलं 'धुनउगम राग'.

राग कुमारांचे. मग धून कोणाची?

नेहमीचं उत्तर असतं, 'लोकधून सगळ्यांची.' मी डहाणूचा, मला हे पुरेसं वाटत नाही. आमच्याकडे वारल्यांच्या लग्नात चौक काढतात आणि धवलेरी गाणी म्हणते. गाणं पिढ्यांचं, खरंय. पण ते पाठ ठेवणारी, कुठे ओढायचं नि कुठे थांबायचं हे ठरवणारी एक बाई असते. तिला नाव असतं, पाडा असतो.

चित्रांचंही तेच. चौक सुवासिनी काढत, खाली सही नसे. 1970च्या दशकात डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा म्हसे यांची चित्रं कागदावर आली, जगभर गेली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते योग्यच झालं. भिंती रंगवणाऱ्या बायका मात्र 'परंपरा'च राहिल्या.

मग कुमारांनी चोरी केली का? मला तसं वाटत नाही. चार-पाच सुरांत फिरणाऱ्या धुनेतून रागाचं चलन शोधणं, त्यात बंदिश बांधणं ही निर्मितीच आहे. घेतल्याने धून संपतही नाही, बायका ती गात राहतात. शिवाय त्यांनी उगम लपवला नाही. तरी 'उगम' हा शब्द ऋण आहे एवढंच सांगतो. कोणाचं, ते सांगत नाही.

आज हा प्रश्न आपल्या खिशात आहे. तारप्याचा तुकडा फोनवर रेकॉर्ड करून त्याला बीट लावायला दहा मिनिटं पुरतात. नाव विचारायला एक मिनिट लागतं. क्रेडिटमध्ये 'पारंपरिक' लिहिणं खोटं नसतं, फक्त आपल्या सोयीचं असतं. वाजवणाऱ्याचं नाव आणि पाडा लिहावा, पैसे आले तर वाटा द्यावा. आणि तो 'नको' म्हणाला, तर रेकॉर्डिंग डिलीट करावं. ऐकणं म्हणजे तेही ऐकणं.