घुमटाखालचा परका

तुर्कस्तानातील एदिर्ने येथे ऑटोमन सुलतान दुसरा सेलीम याच्यासाठी वास्तुविशारद सिनान याने १५६८ ते १५७५ या काळात उभारलेली सेलिमिये मशीद पाहताना परधर्मीय प्रवाशापुढे एक मूलभूत प्रश्न उभा राहतो : उपासनेसाठी रचलेले स्थान उपासना न करणाऱ्याला खरोखर दिसते काय? सुमारे ३१ मीटर व्यासाचा घुमट आठ प्रचंड स्तंभांवर तोललेला असून ते भिंतींलगत सरकवलेले असल्यामुळे आतील अवकाश अखंड राहतो आणि प्रवाशाची नजर आपोआप वर जाते. उपासकाची दिशा मात्र आडवी असते. तो किब्ल्याकडे, म्हणजे मक्केतील काबाच्या दिशेला, तोंड करतो आणि ती दिशा मिहराब, म्हणजे भिंतीतील कोनाडा, दाखवतो. सिनानने मात्र घुमटाच्या ऐन केंद्राखाली मुअज्जिनांचा मंच, म्हणजे इमामाचे शब्द मागच्या रांगांपर्यंत पोचवणाऱ्यांसाठी खांबांवर उचललेला चौथरा, ठेवला, त्यामुळे केंद्रबिंदू नुसत्या पाहणाऱ्याला मोकळा मिळतच नाही. कित्येकांना हा मंच दृष्टीच्या आड येणारा अडथळा वाटतो. परंतु मूर्तीविरहित उपासनागृहाच्या मध्यभागी प्रतिमेऐवजी मानवी आवाज असावा, ही योजना धर्मविचाराशी अत्यंत सुसंगत आणि, निःसंशय, थोर आहे. म्हणूनच नमाजाच्या वेळा टाळून, पादत्राणे काढून आत आलेल्या प्रवाशाचे दर्शन खोटे नसते, अपुरे असते, कारण ज्या आवाजासाठी ते केंद्र राखले गेले तो त्या वेळी तेथे नसतो.