रुमाल, पावती आणि पंधरा मिनिटं

बसायची जागा माणसाची होते ती नेमकी कशामुळे, या प्रश्नावर मोठमोठ्या तत्त्ववेत्त्यांनी डोकं शिणवलं असेल. पण त्यांच्यापैकी कुणी मे महिन्यात एस.टी. स्टँडवर सामानसुमानासकट उभा राहिला असेल असं वाटत नाही. राहिला असता तर उत्तर दोन मिनिटांत मिळालं असतं. खिडकीतून ज्याचा रुमाल आधी पडला, त्याची सीट. रुमाल नसेल तर टोपी चालते, पिशवी चालते आणि अगदीच घाई असेल तर खिडकीतून आत सोडलेलं धाकटं पोरही चालतं.

मी मात्र रुमालपंथी नाही. वीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे काढल्यावर माणसाची श्रद्धा देवावर राहील न राहील, पावतीवर बसते. म्हणून भाच्याने आम्हा उभयतांना जर्मनीला बोलावलं आणि युरेल पास काढायला सांगितलं, तेव्हा मी हरखूनच गेलो. हा पास १९५९ साली निघाला. युरोपबाहेरच्या प्रवाशाने एकदा पैसे भरावेत आणि देशोदेशीच्या गाड्यांतून हिंडावं, अशी योजना. मला वाटलं, पास खिशात आला म्हणजे सगळ्या गाड्या आपल्याच.

भाच्याने फोनवरच माझा फुगा फोडला. “मामा, पास म्हणजे प्रवासाचा हक्क. बसायचा हक्क वेगळा.”

म्हणजे चेकबुकासारखंच! चेकबुक हातात आहे म्हणून खात्यात पैसे आहेत असं थोडंच आहे? फ्रान्सच्या वेगवान टीजीव्हीत नुसता पास घेऊन चढता येत नाही. आसनाचे वेगळे पैसे भरून आरक्षण करावं लागतं. शिवाय पासवाल्यांच्या वाट्याला ठरावीकच जागा. त्या संपल्या की गाडीत सीटा रिकाम्या असूनही आपल्यापुरती गाडी भरलेली! इटली आणि स्पेनच्या वेगवान गाड्यांनाही आरक्षण लागतंच. उलट जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये दिवसाच्या बहुतेक गाड्यांना ते सक्तीचं नाही.

“जर्मनीत रिझर्व्हेशन कशाला, मामा? रिकामी सीट दिसली की बसायचं.”

“म्हणजे रुमालच की रे!” मी म्हणालो. आणि कोलोन ते फ्रँकफुर्ट या तासाभराच्या प्रवासासाठी, माणशी पाच-साडेपाच युरो मोजून, खिडकीची एक आणि तिच्याशेजारची एक अशा दोन जागा राखून ठेवल्या. “तासाभरासाठी हजार रुपये?” सौ. म्हणाली, “तेवढ्यात मी उभी राहिले असते.” हे वाक्य पुढे खरं होणार आहे, याची तिलाही कल्पना नव्हती.

आमचा डबा होता २७. कोलोनच्या फलाटावर गाडी आली, आम्ही समोरच्या दारातून आत घुसलो. एस.टी.चा संस्कार! आधी चढावं, मग विचार करावा. आत डबा निघाला ३७. दहा डबे चालू या हिशेबाने आम्ही बॅगा ओढत निघालो, तर वाटेत गाडीच संपली. तिथल्या आयसीई गाड्या कधीकधी दोन-दोन जोडून सोडतात. बाहेरून एक दिसते, पण आतून एकीतून दुसरीत जायला वाट नसते. (एकाच घरात राहणाऱ्या दोन सख्ख्या भावांचे संसार असतात, तसं.) तिकीट तपासनीस म्हणाला, “पुढच्या स्टेशनावर उतरा आणि पळा.”

पुढचं स्टेशन झीगबुर्ग पंधराएक मिनिटांनी आलं. आम्ही उतरलो आणि पळालो. लग्नानंतर आम्ही दोघं एकाच दिशेने इतक्या वेगात प्रथमच पळत होतो.

धापा टाकत २७ नंबरच्या डब्यात शिरलो, तर आमच्या खिडकीच्या जागेवर एक आजीबाई बसलेल्या. पंचाहत्तरीच्या असाव्यात. हातात काठी, शेजारच्या सीटवर पिशवी. मी खिशातून आरक्षणाचा कागद काढला. कागद काढताना माझा चेहरा काउंटरवरचा होतो, असं सौ. म्हणते. आजींनी कागद पाहिला, हसल्या, “बिटे” म्हणाल्या, आणि काठी टेकत, पिशवी उचलून दाराकडे गेल्या. मी खिडकीशी बसलो. बाहेर गाडीने वेग घेतला. २००२ साली सुरू झालेल्या या नव्या मार्गावर ती ताशी ३०० किलोमीटरपर्यंत पळते. माझं मनही तेवढंच प्रसन्न होतं. पावतीचा विजय झाला होता!

तेवढ्यात पलीकडच्या सीटवरचा तरुण इंग्रजीत, अगदी नम्रपणे म्हणाला, “माफ करा, पण गाडी सुटल्यावर पंधरा मिनिटांत माणूस आला नाही, तर राखलेल्या जागेवरचा त्याचा हक्क संपतो. त्या बाई कोलोनला चढल्या. ही जागा रिकामी दिसत होती, तरी तुमची वाट बघत त्या पंधरा मिनिटं उभ्या होत्या. मग बसल्या.”

वाचकहो, मी बी.कॉम. आहे. लिहिल्या तारखेपासून तीन महिने उलटलेला चेक मी कितीदा तरी परत करतो. २०१२ पूर्वी तो सहा महिने चालायचा, हे सांगत भांडणारे म्हातारे माझ्यासमोर उभे राहतात आणि मी त्यांना नियम दाखवतो. आज मीच मुदत संपलेला चेक पुढे सरकवला होता, आणि त्या परक्या बाईने तो हसतमुखाने वटवला होता.

मी म्हणालो, “अगं, आपल्याला नियम माहीत नव्हता.”

सौ. उठलीच. “अहो, नियमाचं राहू द्या. आपण पाच मिनिटं आधी पोचलो असतो, तर तुम्ही त्यांना उठवलं नसतं का?”

उठवलं असतं. त्याच कागदाने, त्याच चेहऱ्याने. आणि रात्री शांत झोपलोही असतो. नियम हुकला म्हणून मला लाज वाटत होती. काठी दिसली होती, त्याची वाटली नव्हती. ही जागा कुणाची, एवढंच कागदावर लिहिलेलं असतं. ती कुणाला हवी आहे, हे बघायला मान वर करावी लागते, आणि काउंटरमागे बसून माझी ती सवयच गेली होती.

सौ. दाराशी गेली. तिला जर्मन येत नाही, आजींना मराठी येत नव्हतं. दोन मिनिटांत दोघी हातात हात घालून परत आल्या. मी निमूट उठलो. आपल्या रेल्वेत आर.ए.सी. नावाची सोय आहे. एका बर्थवर दोघांनी बसून जायचं. तिची मी आयुष्यभर टिंगल केली. त्या दिवशी पटलं, की एकाची जागा दोघांनी वाटून घ्यायची, हे कुणीतरी नियमातच लिहून ठेवलंय हे बरं आहे. ज्यांना आपणहून सुचत नाही, अशा माझ्यासारख्यांची सोय होते.

फ्रँकफुर्टपर्यंत सौ. आणि मी आळीपाळीने उभे राहिलो. आजींनी पिशवीतून सफरचंद काढून चाकूने त्याचे तीन भाग केले. मी पावती द्यावी की काय, या विचारात होतो.

परत आल्यावर बँकेत फार काही बदललेलं नाही. काउंटर वेळेवर बंद होतो, कॅश टॅली करावी लागते आणि मुदत गेलेला चेक आजही परतच जातो. फक्त कुणी उशिरा धापा टाकत आलं, तर आधी त्याच्या तोंडाकडे पाहतो, खुर्ची देतो, पाणी विचारतो आणि मग घड्याळाकडे पाहतो. पाहावं लागतं हो, नोकरी आहे. पण क्रम बदललाय.