देवता एका स्थळी की अनेक स्थळी?

धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे खंडोबाचे मंदिर आहे. तेथील मूर्ती वर्षातील सुमारे दहा महिने अणदुरास असते आणि उरलेला काळ नळदुर्गाजवळील मैलारपुरास. मंदिरे दोन, मूर्ती एक. ती नेण्या-आणण्याविषयी दोन्ही गावच्या मानकऱ्यांत करार होतो. आता ज्या गावी मूर्ती नाही, त्या गावच्या मनुष्याने रिकाम्या गाभाऱ्यापुढे हात जोडले, तर ते कोणास पोचतात? प्रश्न भाबडा वाटेल. परंतु याच प्रश्नावर प्राचीन दर्शनकारांनी आपली बुद्धी झिजविली आहे.

मीमांसकांचा पक्ष प्रथम पाहावा, कारण तो सर्वांत निष्ठुर आहे. जैमिनीच्या सूत्रांतील नवव्या अध्यायाच्या प्रथम पादावर भाष्य करताना शबरस्वामी म्हणतात की, देवतेस शरीर नाही, ती हवि भक्षण करीत नाही, प्रसन्न होऊन फळही देत नाही. फळ कर्मापासून होते. देवता त्या कर्माचे गौण अंग होय. ‘देवाचे गाव’, ‘देवाचे शेत’ असे लोक म्हणतात, तोही केवळ उपचार. जो वस्तूचा स्वेच्छेने विनियोग करू शकतो तो तिचा स्वामी. देवता तसा विनियोग करीत नाही, त्या उत्पन्नावर निर्वाह होतो तो तिच्या सेवकांचा! वेदाचा एवढा अभिमानी पुरुष हे बोलतो, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. या मताने अणदूरचा करार हा माणसांचा माणसांशी झालेला करार ठरतो.

वेदान्ती हे मान्य करीत नाहीत. देवता सशरीर मानली तर ती एकाच समयी अनेक यज्ञांत कशी उपस्थित राहील, हा आक्षेप ब्रह्मसूत्रांच्या प्रथमाध्यायातील तृतीय पादात घेतलेला आहे. त्यावर शंकराचार्यांचे एक उत्तर असे की, योगी अनेक देह धारण करतो, मग देवतेस ते अशक्य का व्हावे? दुसरे उत्तर अधिक मार्मिक आहे. एका ब्राह्मणास अनेक यजमान एकाच वेळी आपापल्या घरी जेवू घालू शकत नाहीत. पण अनेकजण एकाच वेळी त्यास नमस्कार करू शकतात. म्हणजे देवता येवो न येवो, अर्पण करणारा तिला उद्देशून अर्पण करू शकतो. रिकाम्या गाभाऱ्यापुढील नमस्कार यामुळे वाचतो खरा. परंतु मग मूर्तीच्या येण्याची जी आतुरता, तिचे कारण काय, हे सांगावयाचे राहून जाते.

हा वाद केवळ पोथीतला नव्हे. कलकत्त्याच्या मलिक घराण्यात कुलदेवतेची मूर्ती पाळीप्रमाणे आपल्या घरी नेण्यावरून तंटा झाला. 1925 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मूर्ती ही विधिमान्य व्यक्ती असून तिच्या स्थानाविषयी तिची इच्छा मानली पाहिजे, असा निर्णय दिला. मात्र ती इच्छा न्यायालयात मांडण्यास कोणी निःस्वार्थी प्रतिनिधी हवा, असेही ठरले. शबरस्वामींचा काटा तेथेही निघाला नाही. देवतेची इच्छा शेवटी मनुष्याच्याच मुखाने बोलली!

महानुभाव सिद्धांत या दोन्ही पक्षांहून वेगळा आहे. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ स्वतंत्र होत. देवता केवळ शब्द नव्हे, ती खरी आहे. कर्मभूमीच्या देवतांपासून चैतन्यापर्यंत तिचे नऊ थोवे आहेत आणि प्रत्येकीस आपापले सामर्थ्य आहे. म्हणून मीमांसकांचा निषेध येथे टिकत नाही. परंतु देवता नित्यबद्ध आहे. तिचे फळ खरे असले तरी मर्यादित आणि क्षय पावणारे; जीवाचे बंधन तोडण्याचे सामर्थ्य तिच्यात नाही, ते नित्यमुक्त परमेश्वराचे. तेव्हा नवसास फळ आले, म्हणून देवता मोक्षही देईल, असे अनुमान करता येत नाही. मीमांसक देवतेचे अस्तित्वच पुसतो, वेदान्ती तिचे अनेकत्व सिद्ध करतो. पण ‘ती देऊ शकते ते किती?’ हे दोघांच्याही या वादात मागे पडते. अणदूरच्या यात्रेस निघालेल्या मनुष्याने विचारावयाचे ते हेच, मग मूर्ती त्या दिवशी कोणत्याही गावी असो.