धूर दिसला म्हणून

आमच्या थोरल्या वहिनी 72 वर्षांच्या. बोटं दुखतात म्हणून रक्त तपासलं, तर आरए फॅक्टर 38 आला. शेजारी छापलेली मर्यादा 20 होती. रिपोर्ट माझ्यापुढे धरून म्हणाल्या, ''भावजी, आईसारखी माझीही बोटं वाकडी होणार. कुणाचं काय वाईट केलं हो मी?''

दोन्ही वाक्यांत भीतीने अनुमान करून टाकलं होतं. आयुष्यभर मी मुलांना अन्नंभट्टांचा तर्कसंग्रह शिकवला. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असं म्हणता येतं, कारण अग्नीवाचून धूर कुठेच नसतो. पण अग्नी नसलेल्या जागीही जी खूण आढळते, ती सव्यभिचार हेतू. तिच्यावरून काहीच सिद्ध होत नाही. आरए फॅक्टर ही अशीच खूण आहे. बोटं वाकडी करणाऱ्या आमवातात, म्हणजे रूमॅटॉइड आर्थरायटिसमध्ये, तो दहांपैकी सात-आठ जणांत सापडतो हे खरं. पण हिपॅटायटिस सी, क्षय यांतही सापडतो, आणि काही धडधाकट म्हाताऱ्या माणसांतही. उलट, तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. तसा रक्तात काहीच न दाखवणारा आमवातही असतो.

अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी 2010 साली आमवातासाठी ठरवलेले निकष वाचून मला समाधान वाटलं. दहापैकी सहा गुण हवेत. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्तचाचण्यांचे मिळून फार तर तीन, सूज दाखवणाऱ्या ईएसआर-सीआरपी चाचण्यांचा एक. रक्त एकटं चारापुढे जात नाही. बाकीचे गुण किती आणि कोणते सांधे धरले आहेत, दुखणं सहा आठवडे टिकलं आहे का, यांवर. मुळात एक तरी सांधा सुजलेला आहे हे डॉक्टरने स्वतः तपासून पाहायचं. अनुमानाला प्रत्यक्षाचा आधार लागतो, हेच तर न्यायशास्त्र सांगतं.

वहिनींचा दुसरा प्रश्न मला जास्त लागला. मी कर्मसिद्धांत मानतो. पण 'दुखणं आहे, म्हणून पाप आहे' ही व्याप्ती, म्हणजे हा न चुकणारा संबंध, कुणी, कुठे पाहिला? गुरुवायूरला नारायणीयम् रचणाऱ्या मेल्पत्तूर नारायण भट्टतिरींनी गुरूंचा वातरोग स्वतःवर ओढून घेतला, अशी परंपरा आहे. तिथे दुखणं करुणेतून आलं. आजारी माणसाच्या वेदनेवर अपराधाचं ओझं चढवणारा धर्म मला मान्य नाही, आणि तसं मी वहिनींना स्पष्ट सांगितलं.

संशयाला न्यायशास्त्राने सोळा पदार्थांत, म्हणजे आपल्या मूळ विषयांत, जागा दिली आहे. निर्णयाची वाट तिथूनच जाते. तेव्हा हातात असा रिपोर्ट आला, तर आकडा पाहून मनाने औषध सुरू करू नका. आणि सकाळी बोटं तासाभराहून जास्त वेळ आखडलेली राहत असतील, सांधे सुजत असतील, तर रिपोर्ट निगेटिव्ह असला तरी संधिवाततज्ज्ञाला लगेच दाखवा. एकदा झिजलेलं हाड औषधाने भरून येत नाही.